मुरायला ठेवलेलं पाणी

लोणचं घातल्या दिवशी कोणी पानात वाढायला घेत नाही. बरणीला दादरा बांधला की ती फळीवर जाते आणि घर तिला विसरतं. खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकीही मासे सोडण्याआधी अशीच मुरावी लागते. पण तिची बरणी दिवाणखान्यात, चारही बाजूंनी काचेची. आतलं सगळं दिसतं, म्हणून हात शिवशिवतात.

१०० लिटर पाण्याला साडेतीन ते पावणेचार किलो सागरी मीठ लागतं. स्वयंपाकाचं चालत नाही, त्यात समुद्रातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम नसतं. घनता १.०२५ भरली, दगड-वाळू बसली, की जिवाणूंचं खाद्य म्हणून अमोनिया २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) होईल इतका घालायचा. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. दोघांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे जातात. कुणाच्या जुन्या टाकीतला ओला दगड मिळाला, तर विरजण लागल्यासारखं काम लवकर होतं. २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दिसलं, की टाकी मुरली.

त्याआधीच, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, पांढऱ्या वाळूवर कुणी कोको सांडल्यासारखा तपकिरी थर येतो. हे डायअ‍ॅटम, एका पेशीचं सूक्ष्म शेवाळ. यांच्या पेशीची भिंत सिलिकाची, म्हणजे जवळजवळ काचेचीच. काचेच्या पेटीत काचेचेच पाहुणे. त्यांचा शिधा, म्हणजे ही सिलिका, नळाच्या पाण्यातून येतो, थोडा नव्या वाळू-दगडांतून. ‘आमच्याकडे आरओ आहे’ हे इथे उत्तर नाही. पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी मुद्दाम थोडे क्षार ठेवलेले असतात. टाकीला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्य हवा, म्हणजे आरओनंतर उरलेसुरले क्षार टिपणारं डीआय रेझिन हवं. त्यातही खोच अशी की रेझिन संपत आलं की सिलिका आधी निसटते, आणि टीडीएस मीटर बिचारा शून्यच दाखवत राहतो. शून्य दिसतंय आणि तपकिरी थर हटत नाही, तर रेझिन बदलायचं.

एरवी करायचं ते फार थोडं. जिवाणूंना उजेड लागत नाही. टाकीत प्रवाळ नाही, मासा नाही, मग दिवा कुणासाठी? बंद ठेवावा. काच पुसावी, वाळूवरचा थर नळीने ओढून घ्यावा. शिधा संपला की पाहुणे आपणहून जातात. शेवाळ मारायची औषधं या दिवसांत ओतू नयेत. त्यांतली काही नुकत्याच रुजणाऱ्या जिवाणूंनाही भोवतात.

मागोमाग येणारं हिरवं, केसाळ शेवाळ मात्र चिवट. ते फॉस्फेट आणि नायट्रेटवर पोसतं, आणि कोरडे आणलेले दगड अंगात मुरलेलं फॉस्फेट कित्येक महिने पाण्यात सोडत राहतात. चाचणीत फॉस्फेट शून्य आलं म्हणून हुरळू नये; बऱ्याचदा ते शेवाळानेच गिळलेलं असतं. दगड बाहेर काढून टूथब्रशने, टाकीतल्याच पाण्यात घासायचा. नळाखाली धरला तर दगडावरची जिवाणूंची वस्तीच धुऊन जाते. लाल, बुळबुळीत, सायीसारखी सोलून येणारी बुरशीवजा चादर दिसली तर ते शेवाळही नव्हे, सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू. ती बहुधा पाणी तुंबलेल्या कोपऱ्यात धरते. नळीने ओढून काढायची आणि पंपाचं तोंड तिकडे वळवायचं.

शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई आणायची घाई सगळ्यांना असते. अमोनिया-नायट्राइट शून्य होईपर्यंत नको, आणि आणल्या तरी १०० लिटरला आधी दोन-तीनच. दहा आणल्या तर आठवड्यात थर फस्त करून त्या उपाशी मरतात, कुजतात आणि शेवाळालाच जेवण घालतात.

आपल्याकडे मे महिन्यात आणखी एक खोड निघते. पाणी २६ अंशांवर राहावं म्हणून वर पंखा लावला की रोज लिटरभर पाणी उडून जाऊ शकतं. उडतं ते पाणी. मीठ मागेच राहतं. भर घालायची ती गोड्या आरओ-डीआय पाण्याची. खारं पाणी घालत गेलं तर टाकीचं मिठागर व्हायला वेळ लागत नाही.

पुढे काही महिन्यांनी दगडावर जांभळट-गुलाबी ठिपके उमटतात. ते कोरलाइन, तेही शेवाळच, पण याची लोक वाट पाहतात, फोटो काढतात. मग ते काचेवर चढतं, आणि तिथून खरवडायला स्टीलचं ब्लेड लागतं.