लॉक न लावता काउंटर वाढवताना

लिनक्समधली माझी सगळ्यात आवडती सोय म्हणजे रीस्टार्टेबल सिक्वेन्सेस, म्हणजे मध्ये खंड पडला तर पहिल्यापासून पुन्हा चालवायचे कोडचे छोटे तुकडे. प्रत्येक सीपीयूला स्वतंत्र काउंटर दिला की लॉकची (एका वेळी एकालाच काम करू देणाऱ्या कुलपाची) गरजच उरत नाही, असं वाटतं. पण सीपीयूचा क्रमांक वाचला आणि काउंटर वाढवण्याआधीच शेड्यूलरने (कोण कुठल्या सीपीयूवर चालणार हे ठरवणाऱ्याने) थ्रेड, म्हणजे चालू कामाचा धागा, दुसऱ्या सीपीयूवर हलवला तर? जुन्या सीपीयूच्या काउंटरवर दोन थ्रेड एकदम लिहू शकतात.

उपाय सुंदर आहे. या पत्त्यापासून त्या पत्त्यापर्यंतचा कोड नाजूक आहे, हे थ्रेड एका ठरलेल्या जागी लिहून ठेवतो. मध्येच प्रीएम्प्शन (थ्रेडला थांबवून दुसऱ्याला संधी), मायग्रेशन (दुसऱ्या सीपीयूवर हलवणं) किंवा सिग्नल आला, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, थ्रेडला अबॉर्ट हँडलरवर (काम सोडून द्यायच्या कोडवर) पाठवतो आणि तिथून काम पुन्हा पहिल्यापासून. शेवटचा एकच स्टोअर (मेमरीत लिहिणं) म्हणजे कमिट, काम पक्कं होण्याचा क्षण. तोवर बाहेर काहीही दिसता कामा नये. आत सिस्टीम कॉल (कर्नलला केलेली विनंती) अजिबात चालत नाही. बदल्यात महागडी अ‍ॅटॉमिक (मध्ये कुणालाही न येऊ देणारी) सूचना वापरावी लागत नाही, म्हणून टीसीमॅलॉक या गूगलच्या मेमरी-वाटप लायब्ररीच्या पर-सीपीयू (प्रत्येक सीपीयूसाठी वेगळ्या) कॅशमध्ये हेच तंत्र आहे.

एका सीपीयूच्या यंत्रांसाठी ही कल्पना बर्शॅड, रेडेल आणि एलिस यांनी 1992 मध्येच मांडली होती. लिनक्ससाठी गूगलच्या पॉल टर्नर आणि अँड्र्यू हंटर यांनी सुरुवात केली. मॅथ्यू देनोये यांनी चिकाटीने ती 2018 मध्ये 4.18 कर्नलपर्यंत नेली. ही चिकाटी मला फार मोलाची वाटते.

नव्या सहकाऱ्यांना एक गोष्ट मी आवर्जून सांगतो: जीडीबी या डीबगरमध्ये (कोडमधल्या चुका शोधायच्या साधनात) या कोडमधून एकेक पाऊल टाकू नका. प्रत्येक पावलाला अबॉर्ट होतो, कमिट कधी येतच नाही. ब्रेकपॉइंट (थांबायची जागा) कमिटनंतर लावा.