ट्रेमधलं वावर : काळ्या मातीच्या भेगांची चौथी फेरी

चौथं सुकवणं काल संपलं. मातीचा एकच थर चारदा भिजवला, चारदा सुकू दिला आणि वरून दर मिनिटाला एक फोटो घेतला. हे फोटो जोडून भेगांचा व्हिडिओ करायचा आहे. हवी होती ती गोष्ट या फेरीत पहिल्यांदा स्वच्छ दिसली. भेगा एकमेकींना भेटतात तिथले सांधे बदललेत. पहिल्या सुकण्यात नवी भेग जुनीला काटकोनात येऊन टेकते. भिजणं-सुकणं होत गेलं की तोच सांधा सरकत सरकत गलोलीच्या बेचक्यासारखा होतो, तिन्ही कोन १२० अंशांच्या आसपास. जुनी भेग ही कच्चीच जागा, त्यामुळे माती पुन्हा तिथेच उकलते. पण कोणती भेग आधी उघडेल हा क्रम दर वेळी बदलतो, मागून येणारी जरा वळून टेकते आणि सांधा हलतो.

माती वर्धा-यवतमाळ पट्ट्यातली भारी काळी, धुऱ्याजवळची. वरची वखरलेली चार बोटं बाजूला सारून खालची घ्यायची. वर पऱ्हाटीची धसकटं आणि कुटार फार असतं, आणि प्रत्येक काडीपासून एक खोटी भेग निघते. चुनखडीचे खडे वेचून माती मैद्याच्या चाळणीने चाळायची. ट्रे ४५ बाय ३० सेंटिमीटरचा. त्याला दीड किलो कोरडी माती आणि १३५० मिली पाणी लागतं, थर साधारण १४ मिलिमीटरचा बसतो. रात्रभर भिजवून सकाळी पातळ पिठल्याइतकी सैल झाली की ओतायची. ओतल्यावर ट्रेच्या कडेवर पाच मिनिटं हलके ठोके द्यावेत. आत राहिलेला बुडबुडा सुकताना गोल भोक पाडतो आणि भेगा तिथून फुटतात.

ट्रेचा तळ गुळगुळीत असला की सगळं फसतं. पहिल्या चाचणीत स्टीलचा ट्रे होता. माती तळाला धरूनच राहिली नाही, पूर्ण वडी कडेपासून सुटून आत आकसली आणि मधे एकच भेग पडली. आता तळाला खरखरीत पॉलिश पेपर चिकटवलेला आहे. तळ मातीला धरून ठेवतो, वरचा थर आकसायला बघतो, त्या ओढाताणीतच भेग पडते. थर जितका जाड तितके तुकडे मोठे. ५ मिलिमीटरच्या थरात जाळी इतकी बारीक पडते की पडद्यावर नुसता पोत दिसतो. १४ मिलिमीटरला एकेक तुकडा ओळखू येतो.

खोली बंद, खिडकीला गोणपाट. कूलर त्या खोलीत नकोच. त्याची हवा दमट असते, सुकणं लांबतं आणि एका बाजूने होतं. शिवाय पंख्याच्या थरथरीने स्टँड हलतो. मेच्या कोरड्या हवेत पहिली भेग २६ तासांच्या सुमारास पडली, पूर्ण सुकायला ६० तास लागले. म्हणजे ३६०० फोटो, सेकंदाला २५ फ्रेमने १४४ सेकंद. फोटो चार एमबीचा धरला तर एका फेरीला १४-१५ जीबी जागा आधीच मोकळी हवी.

उजेड एकाच बाजूने, ट्रेच्या पातळीपासून १५ अंश वर. तुकड्याचा वरचा भाग आधी सुकतो, त्याच्या कडा वर उचलल्या जातात आणि त्यांची सावली शेजारच्या तुकड्यावर पडते. उजेड वरून टाकला तर यातलं काही दिसत नाही. वीज जाते म्हणून एलईडी पट्टी फवारणी पंपाच्या बॅटरीवर घेतली आहे: बॅटरी १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाची, पट्टी ५ वॅटची. हिशेबाने १९ तास निघतात, पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये. म्हणून दर नऊ तासांनी बदली बॅटरी, आणि जुनी काढण्याआधी नवी जोडायची. बॅटरी उतरते तसा उजेड मंदावतो. मधे बक-बूस्ट मॉड्यूल (व्होल्टेज कमी-जास्त करून एकसारखं ठेवणारं छोटं सर्किट) घालून १२ व्होल्ट बांधून घेतल्यावर ते थांबलं.

फोनवर सगळं हाताने लावायचं: आयएसओ १००, व्हाइट बॅलन्स ५००० केल्विन, फोकस पक्का. ऑटो एक्स्पोजर इथे शत्रू आहे. ओली काळीभोर माती हळूहळू राखाडी होते, हाच या चित्रातला सगळ्यात संथ आणि सुंदर बदल, आणि ऑटो नेमका तोच पुसून टाकतं. एक्स्पोजर कोरड्या मातीच्या ढेकळावर ठरवून मग ओल्या ट्रेवर तसंच ठेवायचं. बहुतेक फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि आपली खोली ४०च्या वर जाते. कव्हर काढून, पडदा मंद करून, ५ व्होल्टचा छोटा पंखा फक्त फोनच्या पाठीवर सोडला तर तो तग धरतो. ट्रे आणि स्टँड पाटावर खिळ्यांनी जखडलेले हवेत. एक मिलिमीटर सरकलं तरी दोन फेऱ्या एकमेकींवर बसत नाहीत.

पुन्हा भिजवण्यात सगळ्यात जास्त संयम लागतो. कोरड्या मातीवर भसकन पाणी ओतलं की आत अडकलेली हवा तुकडे फोडते: कडेने बुडबुड्यांची माळ निघते, कोपरा खचतो, मग सगळा तुकडा पाण्यात बसतो. दीड मिनिटात चिखल होतो आणि जुन्या भेगांचा मागमूस राहत नाही. ते दृश्यही ठेवण्यासारखंच आहे. ट्रेखाली २७ मिलिमीटरची पिझो चकती (थरथर टिपून आवाज देणारी) चिकटवली की बुडबुड्यांची सरसरही मिळते. पण चार फेऱ्यांची आठवण टिकवायची तर बारीक फवारा, दर वेळी ३० मिली, अर्ध्या तासाच्या अंतराने. माती फुगते आणि भेगा कडेकडून मिटत येतात. शेवटी केसाएवढी रेघ उरते, तीही जाते.

संकलनात आधी डीफ्लिकर, म्हणजे फोटोगणिक होणारी उजेडाची लुकलुक काढणं. मग मिटलेल्या भेगेची छाया क्षणभर राहावी यासाठी एफएफएमपेग या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमधला लॅगफन फिल्टर. हा फिल्टर उजळ भाग रेंगाळत ठेवतो, आपली भेग मात्र काळी. म्हणून चित्र आधी उलटं करायचं, लॅगफन लावायचा, परत सुलटं करायचं. डिके, म्हणजे दर फ्रेमला छाया किती उरते तो आकडा, ०.९८ ठेवला तर छाया सेकंदाच्या आत जाते, ०.९९५ ला तीनेक सेकंद राहते. उलटी केलेली माती पूर्ण काळी नसते, त्यामुळे छाया तिच्या पातळीला आली की दिसेनाशी होते. नॉइज, म्हणजे फोटोतले बारीक दाणे, आधी काढला नाही तर तोही साठत जातो आणि चित्र काळवंडतं. याहून जास्त छाया नको. मातीचं जाणं मातीनेच दाखवावं, फिल्टरने तिच्या वतीने बोलू नये. पहिली आणि चौथी फेरी डिफरन्सने, म्हणजे दोन चित्रांतला फक्त फरक दाखवणाऱ्या पद्धतीने, एकमेकींवर घातली की सरकलेले सांधे तेवढे पांढरे उजळतात. हे १२ सेकंद व्हिडिओच्या मधोमध ठेवले आहेत.

पाचवी फेरी मृग लागण्याआधी उरकायची. नंतर हवेतला दमटपणा वाढून सुकणं दुपटीने लांबतं आणि पहिल्या पावसानंतर पंखवाली वाळवी उजेडावर तुटून पडते. सहावी मात्र मुद्दाम पावसात: ट्रे जखडलेल्या पाटासकट अंगणात, फोनवर पारदर्शक डबा, आणि फोटोंऐवजी सलग व्हिडिओ.