थोरलीचं आधी

शेक्सपिअरच्या विनोदी नाटकांतले बाप भारी डोकेदुखी असतात. ‘द टेमिंग ऑफ द श्रू’मधला पादुआचा बाप्टिस्टाच बघा. थोरली कॅथरिना उजवल्याशिवाय धाकट्या बियांकाचं लग्न करणार नाही, हा त्याचा हट्ट. थोरली फटकळ, तिच्या वाटेला जायला कोणी धजत नाही. मग धाकटीवर डोळा असलेले सगळे मिळून थोरलीसाठी गडी शोधू लागतात. मराठीत हे नाटक एकोणिसाव्या शतकातच ‘त्राटिका’ होऊन आलं. वासुदेव बाळकृष्ण केळकरांचं रूपांतर, नायक प्रतापरावाच्या भूमिकेत गणपतराव जोशी.

१९९९ साली हॉलिवूडने ते अमेरिकेतल्या शाळेत नेलं, ‘टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू’ या नावाने. शाळा पादुआ, बहिणींचं आडनाव स्ट्रॅटफर्ड. पण तिथे थोरलीपायी धाकटीचं लग्न कोण अडवणार? म्हणून बापाला बाळंतपणं करणारा डॉक्टर केला. कोवळ्या वयातल्या आया बघून धास्तावलेला! थोरली डेटवर गेली तरच धाकटी जाणार, हा त्याचा नियम. पटकथेतली ही सगळ्यात हुशार खेळी.

ठाण्यात हाच सिनेमा काढला तर एवढा खटाटोप नको. “मोठीचं झाल्याशिवाय धाकटीचं नाव काढू नका,” हे आमच्या नौपाड्यातल्या मावशीचं वाक्य आहे, आणि तिच्या दोन्ही मुली आयटीत आहेत. चारशे वर्षांपूर्वीचा बाप्टिस्टा आमच्याकडे आहे तसा चालतो, फक्त लिफ्टने वर येतो.

बाकीचंही जमेल. सिनेमातला नायक हीथ लेजर मैदानाच्या पायऱ्यांवर शाळेच्या बँडच्या साथीने गातो, आपण ढोल-ताशा पथक आणू. स्थळ राम मारुती रोड, दिवाळी पहाट. अख्खं तरुण ठाणं नटूनथटून लोटलेलं आणि थोरली कपाळाला आठ्या घालून कडेला उभी.

घोडं अडतं शेवटाला. नाटकात कॅथरिना नवऱ्याच्या आज्ञेत राहण्यावर लांबलचक भाषण देते. गडकरी रंगायतनात आज ते सरळ म्हटलं तर मध्यंतरानंतरचा वडाही कोणाला गोड लागणार नाही. सिनेमात त्याऐवजी ती वर्गात कविता वाचते, रडते. इथवर ठीक. पण तिच्यामागे लागायचे पैसे घेतलेला हा नायक त्याच पैशांतून तिला गिटार आणून देतो आणि बाईसाहेब विरघळतात!

थोरल्या मावसबहिणीला विचारलं, तू काय केलं असतंस?

“गिटार ठेवून घेतली असती,” ती म्हणाली, “आणि त्याला हाकललं असतं.”