रीत मोडणारे माणूस

गुरुवार, रात्री उशिरा

दुपारी आत्याचा फोन येऊन गेला, तेव्हापासून माझ्या हातून एक ओळ पुढे सरकलेली नाही. माझ्या कादंबरीची चाळीस पाने मी तिला दिवाळीत दिली होती. ती रोज थोडी थोडी वाचते, चष्मा पुसते आणि पुन्हा वाचते, असे नंदूने मध्यंतरी कळवले होते, त्यामुळे मी वाट पाहत होते. ती बोलली ते एवढेच, "तुझ्या बेटार कोण कधी रीत मोडणाच नाय काय गो?" मी काही उत्तर देण्याआधीच ती या वर्षीच्या मोहराविषयी बोलू लागली, आणि मग तिने फोन ठेवला.

पहिल्यांदा मला वाईट वाटले ते स्वतःसाठी, हे लिहायला हवे. तीन वर्षे मी कादंबरीतल्या त्या कल्पित बेटावरच्या कुळांच्या चालीरीती जमवते आहे. तिथे घड्याळ नाही, काळ भरतीवर मोजतात. घरात माणूस गेले की नऊ भरत्या चूल पेटत नाही, म्हणजे सुमारे साडेचार दिवस, आणि उधाणाची भरती असो की भांगाची, मोजणीत दोघींचा मान सारखाच. घर आईकडून मुलीकडे जाते. होडी पाण्यात लोटण्यापूर्वी घरातली थोरली बाई गोड्या विहिरीचे ओंजळभर पाणी होडीच्या नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकावर, ओतते. हे सारे मी एकेक करून वहीत उतरवले, एका रीतीचा दुसरीशी कुठे विरोध येत नाही ना हे तपासले आणि दोनदा सगळे मोडून नव्याने मांडले. एवढ्या खटाटोपानंतर पहिल्या वाचकाने फक्त हेच विचारावे, याचे मला दुपारभर इतके दुःख झाले की मी जेवायलाही उठले नाही. आपले घरातच कोणी मनापासून वाचत नाही, इथपर्यंत माझा विचार गेला होता. तो आता पुढे नेत नाही.

संध्याकाळी मी वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. त्या कुळांतली माणसे उठतात, रीत पाळतात आणि झोपतात. नऊ भरत्या म्हटल्या की नऊ. आठव्या भरतीला एखादे मूल भुकेने रडते आहे, कोणाला ताप भरला आहे, शेजारीण पदराआड भांडे लपवून काही घेऊन येते आहे, असे एकाही पानावर नाही. मी रीती लिहिल्या होत्या, पण त्या ज्यांना जड जातात ती माणसे लिहिली नव्हती. आत्याने अचूक तिथेच बोट ठेवले, आणि हे तिने ठेवावे, दुसऱ्या कोणी नाही, याचाच विचार मी आता करते आहे.

ज्या खऱ्या बेटांवरून मी हे सारे उचलले, तिथली टिपणे मग मी काढली. टिकोपिया हे दक्षिण पॅसिफिकमधले जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे बेट. रेमंड फर्थ हा मानववंशशास्त्रज्ञ १९२८-२९ मध्ये तिथे राहिला, तेव्हा तिथे बारा-तेराशे माणसे आणि चार कुळे होती, प्रत्येक कुळाचा आपला प्रमुख. पापुआ न्यू गिनीच्या त्रोब्रियांड बेटांवरही कुळे चारच, आणि तिथे मूल आईच्या कुळाचे. माझ्या बेटावरही मी चारच कुळे ठेवली आहेत, ती कुठून आली हे मला नीट ठाऊक आहे. त्रोब्रियांडचा भाऊ आपल्या मळ्यात पिकलेल्या कंदांचा मोठा वाटा बहिणीच्या घरी पोचता करतो, ती रीतही मी घेतली, फक्त कंदांच्या जागी सुकी मासळी आली.

मात्र त्याच टिपणांत एक गोष्ट होती जी मी तीन वर्षांपूर्वी वाचली, जिच्याखाली रेघ मारली आणि जी मग सोडून दिली. मॅलिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ १९१५ ते १९१८ या काळात दोन खेपांनी त्रोब्रियांड बेटांवर राहिला. एका कुळातल्या मुलामुलींचा संबंध होऊ नये, हा तिथला सर्वांत कडक नियम. त्याविषयी विचारले की लोक शहारत आणि असे करणाऱ्याला आजार होतो, मरण येते, असे सांगत. एके दिवशी रडण्याचा आकांत कानावर आला, आणि किमाई नावाचा सोळाएक वर्षांचा, त्याच्या ओळखीचा मुलगा माडावरून पडून गेला, असे त्याला सांगण्यात आले. खरे काय घडले ते त्याला पुष्कळ उशिरा समजले. किमाईचे आपल्या मावशीच्या मुलीशी प्रेम होते, म्हणजे दोघे एकाच कुळातली. हे गावाला माहीत होते. गावाला ते पसंत नव्हते, पण कोणी काही केले नव्हते. त्या मुलीवर आधी हक्क सांगणारा एक तरुण होता. त्याने एका रात्री सगळ्यांना ऐकू जाईल अशा रीतीने किमाईला त्या संबंधावरून शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी किमाईने सणाचा पोशाख चढवला, तो माडावर चढला, झावळ्यांतून त्याने गावाला आपली बाजू सांगितली, कोणामुळे ही वेळ आली ते सांगितले, आणि उडी टाकली.

मॅलिनोव्स्कीने पुढे नोंदवले आहे की हा नियम मोडणारे आणखीही होते, आणि मोडल्याचे वाईट फळ टळावे म्हणून पाण्यावर, पाल्यावर, दगडावर म्हणायचे मंत्रही तिथे होते. ज्या नियमाच्या नुसत्या उल्लेखाने लोक शहारत, त्या नियमातून सुटण्याचे मंत्र त्याच लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले होते. गाव कुजबुजत असे आणि मान वळवत असे, आणि तेवढ्यावर दिवस जात. ज्या रात्री ती गोष्ट मोठ्याने बोलली गेली, त्या रात्रीनंतर मात्र मान वळवायला जागा उरली नाही. हे सगळे माझ्या टिपणात माझ्याच अक्षरात आहे, आणि तरीही माझ्या बेटावर असा एकही मंत्र नाही.

आत्याला हे वाचायची गरज नव्हती. तिने गावपळण पाहिली आहे. सिंधुदुर्गातल्या आचऱ्याची, चिंदरची, वायंगणीची गावपळण आता वर्तमानपत्रांत छापून येते, चित्रीकरण करणारे येतात. पण तिच्या वेळी ती फक्त आपल्यापुरती होती. देवाचा कौल झाला की गुरे, कोंबड्या, कुत्री, भांडी असे सगळे बरोबर घेऊन अख्ख्या गावाने वेशीबाहेर जायचे, झावळ्यांच्या खोपींत तीन दिवस आणि तीन रात्री काढायच्या, आणि परतण्याचा कौल मिळेपर्यंत गावात दिवा म्हणून लावायचा नाही. मी लहानपणी त्या खोपींची गोष्ट ऐकायचे ती जत्रेसारखी. सगळ्यांचे जेवण एकत्र, रात्री फुगड्या, भजने. माझ्या बेटावर जे काही आनंदाचे आहे ते बहुतेक तिथूनच आले आहे.

एका वर्षी दुसऱ्या रात्री आत्या वेशीच्या आत गेली होती. ती कशासाठी गेली, हे मी इथे लिहिणार नाही. मला ते आईने एकदाच, तांदूळ निवडताना, मान वर न करता सांगितले होते, आणि सांगून झाल्यावर सूप घेऊन ती उठून गेली होती. त्या खोपींतल्या प्रत्येकाला हे ठाऊक होते. पहाटे आत्या परतली तेव्हा तिचे पाय चिखलाने माखलेले होते, आणि बाहेर सुके पडलेले असताना चिखल होता तो फक्त आमच्या परसातल्या पाटाकडे. आजोबांनी ते पाय पाहिले. ते उठले, पाण्याची कळशी आणून तिच्यापुढे ठेवली आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन कुशीवर वळून झोपले. पुढे कोणी त्याचा उल्लेख केला नाही, आजही करत नाही.

एवढे लिहून मी बराच वेळ थांबले. आत्याच्या प्रश्नाने मी दुपारी दुखावले गेले, संध्याकाळी शरमले, आणि आता मला भीती वाटते आहे. ती गोष्ट मी कादंबरीत घातली, तर त्या रात्री गावाला ऐकू जाईल असे ओरडणाऱ्या तरुणाहून मी वेगळी कशी ठरणार? ज्या गोष्टीवर चाळीस वर्षे सगळ्यांनी मान वळवली, तिच्यावर मी नाव घालून दिवा धरायचा का? की आत्याने तो प्रश्न विचारला तो मला वाट दाखवण्यासाठीच, आणि मोहराविषयी बोलू लागली ती मला उत्तर द्यावे लागू नये म्हणून? तिचा स्वभाव पाहता दोन्ही खरे असू शकते.

वही मी टाकून देणार नाही, असे आता वाटते. नऊ भरत्यांचा नियम नसेल तर तो मोडण्याचा भारही कोणाला जाणवणार नाही. त्या तीन वर्षांचे मला दुपारी वाटत होते तेवढे वाईट आता वाटत नाही. विहीर बांधलेली आहे, होड्या नांगरलेल्या आहेत. मघाशी मी एकच परिच्छेद लिहिला. सहाव्या भरतीला एका घरातून पहाटे धूर निघतो. कोणाच्या घरातून, ते मी अजून ठरवलेले नाही. शेजारची म्हातारी बाहेर येते, धुराकडे पाहते, आणि आपली ओली जाळी त्या घराच्या आणि वाटेच्या मधोमध वाळत घालते, म्हणजे वाटेवरून जाणाऱ्याला छप्पर दिसू नये.

यात कळशी नाही, चिखल नाही, वेस नाही. तरी आत्या ते ओळखेल. शनिवारी पहिल्या गाडीने जाते. हे पान फोनवर वाचून दाखवायचे नाही, तिच्या हातात द्यायचे आणि ती वाचत असताना मी मागच्या पडवीत जाऊन बसायचे.