होम्सनं मारलं तरी कोणाला?

अमेरिकेचा जुना हेवीवेट बॉक्सर लॅरी होम्स, त्याचा विषय निघाला की आमचा भाचा तोंडानं बोलत नाही, मोबाइल समोर धरतो. जानेवारी १९८८, अटलांटिक सिटी, चौथी फेरी. टायसनचा उजवा ठोसा बसतो आणि होम्स आडवा. "पाह्यलं मामा? असा असते का चॅम्पियन?" भाचा अमरावतीला बीपीएड करतो, त्यामुळे खेळातला शेवटचा शब्द आपलाच, असं त्याचं म्हणणं. यंदा कापूस घेऊन धामणगावच्या जिनिंगवर ट्रॅक्टर लाइनीत लावला होता. काटा बंद, रात्र तिथंच काढायची होती. म्हटलं, होम्स खरंच मोठा बॉक्सर होता का, आज हा हिशेब करूनच टाकू.

त्याचे मुद्दे दोन. होम्सनं हरवलेलं सगळ्यात मोठं नाव मुहम्मद अलीचं, आणि अली तेव्हा म्हातारा झाला होता. शिवाय टायसन समोर आला तेव्हा होम्सला चौथी फेरीही पार करता आली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण एकाच तोंडानं दोन्ही बोलता येत नाहीत. २ ऑक्टोबर १९८० ला अली रिंगमध्ये उतरला तेव्हा ३८ वर्षांचा होता आणि दोन वर्षं लढला नव्हता. त्यात थायरॉइडच्या गोळ्या खाऊन वजन उतरवलेलं. दहा फेऱ्यांनंतर त्याच्याच कोपऱ्यातल्या प्रशिक्षकानं, अँजेलो डंडीनं लढत थांबवली. आणि टायसनसमोरचा होम्स किती वर्षांचा? तोही ३८. एप्रिल १९८६ पासून एकही लढत नाही. अलीचं वय धरता, तर याचंही धरा. मी तर दोन्ही लढती वहीतून खोडतो. अलीला हरवल्याचा एकही गुण होम्सला देत नाही. त्याला तरी त्यात कुठं गोडी होती? कधीकाळी अलीचा स्पॅरिंग पार्टनर, म्हणजे सरावातला जोडीदार होता तो, त्या रात्री जिंकूनही रडला.

"मंग उरलं काय तुमच्यापाशी?"

बरंच उरलं. ९ जून १९७८, केन नॉर्टन. ज्यानं १९७३ मध्ये अलीचा जबडा मोडला, तोच नॉर्टन. चौदा फेऱ्या झाल्या तेव्हा तिन्ही पंचांच्या कागदावर बरोबरी होती. म्हणजे जगाचा किताब शेवटच्या तीन मिनिटांवर. ती पंधरावी फेरी मी भाच्याला तिथंच, कापसाच्या ढिगावर बसून दाखवली. दोघांच्याही अंगात काही शिल्लक नाही, तरी दोघंही मागं सरत नाहीत. निकाल लागला एका गुणानं. दोन पंच होम्सकडून, एक नॉर्टनकडून.

मग १९७९ चा एर्नी शेव्हर्स. त्या काळात त्याच्याएवढा जड हात कोणाचा नव्हता. सातव्या फेरीत त्याचा उजवा होम्सच्या डोक्यावर असा आदळला, की लढत तिथंच संपायला हवी होती. होम्स उठला. पाय अजून ठिकाणावर नव्हते, पण डावा हात चालू होता. तो डावा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, हीच त्याची सगळी कमाई. हलायला जागा नसली तरी समोरच्याच्या तोंडावर जाऊन बसायचा. अकराव्या फेरीत शेव्हर्सच संपला. हे बघून भाचा थोडा वेळ गप्प होता. मोबाइलची बॅटरीही उतरली होती म्हणा.

तळेगाव दशासरच्या शंकरपटात बैलजोडी कशी धावली ते घड्याळ सांगते, सेकंदावर वाद नाही. बॉक्सिंगला असं घड्याळ नाही. समोरचा माणूस हेच माप, आणि तेही त्या दिवसापुरतं. म्हणून मी नावं मोजत नाही. लढतीच्या दिवशी माणूस चढणीवर होता की उतारावर, तेवढं बघतो. माइक वीव्हर १९७९ मध्ये होम्सकडून बाराव्या फेरीत हरला आणि नऊच महिन्यांत जॉन टेटला पाडून डब्ल्यूबीए या बॉक्सिंग संघटनेचा जगज्जेता झाला. ट्रेव्हर बर्बिक १९८१ मध्ये हरला, १९८६ मध्ये विजेता झाला. टिम विदरस्पून १९८३ मध्ये हरला, पुढच्याच वर्षी विजेता. 'बोनक्रशर' स्मिथ १९८४ मध्ये हरला, दोन वर्षांनी विजेता. चौघंही होम्सला भेटले तेव्हा चढणीवर होते.

"ते तवा कच्चे होते न मामा. विदरस्पूनच्या गिनून पंधरा लढती झाल्या होत्या."

बरोबर आहे. आणि त्या कच्च्या पोरानं होम्सला जवळजवळ हरवलंच होतं, पंचांचंही एकमत झालं नाही. पण यावरून पोरगा किती पक्का होता तेही कळतंच ना?

भाच्याला खरा मुद्दा सापडलाच नाही, म्हणून मीच काढून दिला. १९८३ साल. ल्युसियन रॉड्रिगेझ, स्कॉट फ्रँक, मग जुना जगज्जेता जो फ्रेझर याचा पोरगा मार्व्हिस, ज्याच्या जेमतेम दहा लढती झालेल्या. तो पहिल्याच फेरीत गेला. आणि ग्रेग पेज, जो हक्काचा आव्हानवीर होता, तो बाहेरच उभा. पिंकलन थॉमसही वाट बघत राहिला. जगाचा किताब, म्हणजे पट्टा, प्रत्येक संघटनेचा वेगळा; होम्सनं डब्ल्यूबीसीचा सोडला, नव्या आयबीएफचा घेतला. डब्ल्यूबीएचा विजेता कोएत्झी, त्याच्याशी लढत ठरली होती, तीही पैशापायी बारगळली. वीस वेळा किताब राखला, पण दुसऱ्या पट्टेवाल्याशी एकदाही गाठ नाही.

पुढच्या ट्रॅक्टरवरचे काकाजी इतका वेळ गुपचूप ऐकत होते. त्यांनी विचारलं, "त्या फ्रेझरच्या पोरात पैसा जास्त होता काय?" म्हटलं, होता. "मंग घेईनच न तो. डोस्कं त्याचं फुटते, आपलं नाई." त्यांना बॉक्सिंगमधलं काही कळत नाही, पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. माणूस म्हणून होम्सनं केलं ते ठीकच. पण वहीत त्या लढतींसमोर मी काही लिहू शकत नाही. पेज आणि थॉमसला हरवलं असतं तर आज त्याला जुना महान बॉक्सर जो लुईस याच्या शेजारी बसवला असता. आता लुईस, अली यांच्या खाली ठेवतो. एकदाही न हरलेल्या रॉकी मार्सियानोच्या वर मात्र नक्की. तो ४९ पैकी ४९ चा आकडा दिसायला साजरा आहे, पण त्याच्यासमोरचा लुईस ३७ वर्षांचा होता, हे कोणी काढत नाही.

भाचा यावर भडकला. होम्स स्वतः ४८ वर अडकला, मायकेल स्पिंक्सकडून हरला, आणि स्पिंक्स तर खालच्या वजनगटाचा! तो सप्टेंबर १९८५ चा पराभव मला मान्यच आहे. एप्रिल १९८६ चा दुसरा नाही, ती लढत होम्सचीच होती. उतारावरचा होम्स बघायचा तर १९९२ चा बघावा. वय ४२, समोर ऑलिम्पिक सुवर्णवाला रे मर्सर, एकदाही न हरलेला. होम्स दोराला पाठ टेकून त्याला बोलावतो आणि जॅब मारत राहतो. बारा फेऱ्या. एकूण ७५ लढतींत त्याला वेळेआधी थांबवणारा टायसन एकटाच.

सोमवारी भाच्यानं दुसरी स्पिंक्स लढत बघून फेरीनिहाय गुणांचा कागद पाठवला. त्याच्या कागदावर स्पिंक्स दोन गुणांनी पुढे. चौदाव्या फेरीत होम्सनं स्पिंक्सला हलवलं, तीही फेरी यानं स्पिंक्सलाच दिली आहे. कागद लाल पेननं दुरुस्त करून परत पाठवलाय.