३८ मोबाईल माझ्या झोळीत

मुंबईजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी कला रसग्रहण शिकवतो. म्हणजे तासिका तत्त्वावर, आठवड्याला दोन तास, कॉम्प्युटरच्या पोरांना ओपन इलेक्टिव्ह म्हणून. पहिल्या तासाला मी दरवर्षी विचारतो की हाच विषय का घेतला आणि पोरंही खरं सांगून टाकतात, "सर, यात केटी लागत नाही असं सीनियर म्हणाले." केटी म्हणजे नापास होऊन विषय मागे राहणं. यावर काय बोलणार, हजेरी घ्यायची आणि प्रोजेक्टर लावायचा.

गेल्या सेमिस्टरला मात्र माझंच डोकं फिरलं. घरचा अभ्यास दिला होता, कुठलीही एक कलाकृती घ्या आणि तुम्हाला काय दिसलं ते पानभर लिहा. ३८ पानं आली आणि सगळी एकाच माणसानं लिहिल्यासारखी, "या कलाकृतीत रंगसंगती आणि भावनांचा सुंदर मिलाफ आढळतो" वगैरे. त्यातल्या एकानं तर घारापुरीच्या लेण्यातल्या काळ्या दगडाच्या शिल्पात रंगसंगती शोधली होती! त्याला मी शून्य दिला. कॉलेजच्या कबड्डी टीममधला पोरगा, कायम शेवटच्या बाकावर, निम्मा वेळ झोपलेला, कमी हजेरीच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये पहिला. शून्य बघून भांडलासुद्धा नाही, "ठीक आहे सर" म्हणाला आणि गेला. मला जरा जास्तच राग आला त्याचा.

मग ठरवलं की स्लाइड बंद, यांना घारापुरीलाच न्यायचं. परवानगी, पालकांची सह्या केलेली पत्रं, विमा, या सगळ्यात तीन आठवडे गेले ते सोडा. जानेवारीतल्या एका गुरुवारी सकाळी नऊला गेटवेला जमलो. लाँचला तासभर लागतो, थंडीत सीगल मागे मागे येतात, पोरांनी निम्मी बिस्किटं त्यांनाच घातली. कुणीतरी विचारलं की सर एलिफंटा म्हणतात तर हत्ती कुठंय. मग सांगितलं की बेटावर उतरायच्या जागेजवळ दगडात कोरलेला मोठा हत्ती होता, तो बघून पोर्तुगीजांनी हे नाव ठेवलं. पुढे १८६४ साली तो उचलून इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. मग ते तुकडे मुंबईत आणले, १९१४ साली जोडून परत उभा केला, आता तो भायखळ्याला राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारात असतो. "म्हणजे एलिफंटावर एलिफंटच नाही?" असं म्हणून सगळे हसले. कबड्डीवाला डोळे मिटून बसला होता, मला वाटलं झोपलाय.

वर जायला सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूला टोप्या, माळा, मक्याची कणसं आणि त्या कणसांवर डोळा ठेवून बसलेली माकडं. लेण्याच्या तोंडाशी पोचलो तेव्हा मी झोळी पुढे केली, "मोबाईल टाका यात." शांतता. मग एकेक करत ३८ मोबाईल आले. नियम एवढाच की कुठलंही एकच शिल्प निवडायचं, त्याच्यासमोर चाळीस मिनिटं बसायचं, वही आणि पेन्सिल, बोललं तरी चालेल पण उठायचं नाही. गाइड करू दिला नाही. आणि इथं एक सोय आयतीच आहे, या लेण्यात वाचायला काही नाही. शिलालेख होता म्हणतात, तो पोर्तुगीजांनी काढून मायदेशी पाठवला आणि तिकडे तो हरवलाच. त्यामुळे सहाव्या शतकाच्या मध्यातलं हे लेणं नक्की कुणी कोरवून घेतलं यावर अभ्यासक अजून वाद घालतात. मला त्याचं दुःख आहेच, पण त्या दिवशी बरं वाटलं, कॅप्शनच नाही म्हटल्यावर बघण्यावाचून पोरं करणार काय.

पहिली दहा मिनिटं भयंकर गेली. पोरं खिसे चाचपत होती. झोळी सारखी थरथरत होती, कुणाची तरी आई फोन करत होती, मी ती मांडीवर घेऊन खांबाला टेकून बसलो होतो, जणू कोंबडी धरलीय. सोळासतरा जण अर्थातच मोठ्या मूर्तीसमोर, कारण ती फेमस. साडेपाच मीटर उंच, नुसते खांद्यापासून वरचे तीन चेहरे. एकानं ब्रह्मा-विष्णू-महेश म्हटलं, गाइड लोक तसंच सांगतात, मी म्हटलं की हे तिन्ही चेहरे शंकराचेच, सदाशिवाचे, आणि मुळात पाच मुखं आहेत असं मानतात, चौथं मागच्या बाजूला म्हणजे दगडात आणि पाचवं वर, ती कोरलेली नाहीत. तर एक मुलगी लगेच म्हणाली, "सर, हे बॅकफेस कलिंग झालं, कॅमेऱ्याला जी बाजू दिसत नाही ती गेममध्ये काढतच नाहीत." मला तो शब्द माहीत नव्हता, तिनं समजावून सांगितला. मग आपणच थोडा वेळ गप्प राहून म्हणाली की पण गेममध्ये मागे खरंच काही नसतं, इथं मागे अख्खा डोंगर आहे. वहीत तिनं काय लिहिलं ते नंतर बघितलं, तिन्ही डोक्यांवरचे मुकुट कसे वेगवेगळे आहेत तेच पानभर काढलं होतं, डावीकडच्या मिशीवाल्या उग्र चेहऱ्याच्या डोक्यावर कवटी आहे हे अगदी बाण दाखवून.

पश्चिमेच्या बाजूला कल्याणसुंदर आहे, शंकर-पार्वतीचं लग्न. तिथं चार मुलींचं भांडण चाललेलं, पार्वतीची मान खाली आहे ती लाजून की नाइलाजानं. एक म्हणाली तिनं एवढं तप करून मिळवलाय नवरा, नाइलाज कसला. दुसरी म्हणाली, अगं मग स्टेजवर सगळे बघत असताना कुणीही मान खालीच घालतं, माझ्या ताईच्या लग्नाचे फोटो बघ. या विषयाच्या पुस्तकांत या शिल्पाला शृंगार वगैरे एका शब्दात उरकतात आणि मीही अकरा वर्षं तेच करत आलोय.

त्याच्या समोर अंधकासुरवध, म्हणजे अंधक राक्षसाला मारणारा शंकर. तिथं फक्त एकच जण होता, आपला कबड्डीवाला. मी गेलो तेव्हा तो बसलेलाच नव्हता. एक गुडघा वाकवून, अंग पुढे झोकून, हात वर करून उभा होता आणि परत परत पाय बदलून बघत होता. मी ओरडणारच होतो की उठायचं नाही म्हटलं होतं ना, तेवढ्यात वॉचमननंच शिट्टी मारली. तो खाली बसला. मी विचारलं काय चाललंय.

"सर, याला पाय नाहीत."

ते मलाही माहीत होतं. त्या शिल्पाचा खालचा निम्मा भाग फुटून गेलाय, हातही बरेच तुटलेत, वरचं धड आणि तो चिडलेला चेहरा तेवढा राहिलाय. मी स्लाइडवर हे शिल्प लावतो, रौद्ररस असं म्हणतो आणि पुढची स्लाइड.

"नाही सर, पाय नाहीत तरी तो पुढं चाललाय. आपण रेड टाकतो ना, तेव्हा पाय नंतर जातो, आधी खांदा जातो. डिफेंडर चांगला असला तर तो पायाकडं बघतच नाही, खांद्याकडं आणि कमरेकडं बघतो. याचा खांदा बघा. म्हणजे एक पाय वाकलेला पाहिजे आणि सगळं वजन त्याच्यावर. मी दोन्ही करून बघितलं, दुसरा पाय वाकवला की कमर अशी येतच नाही."

मग त्यानं वही दाखवली. चित्र कसलं, चित्रकलेत तो लहानपणी पण नापासच असणार. वर शिल्प जेमतेम काढलेलं आणि खाली तुटलेल्या जागी काड्यांचे पाय, एक जोडी काढून खोडलेली, दुसरी जोडी ठेवलेली, बाजूला लिहिलेलं "वजन इथे". मी शिल्पाकडे बघितलं, परत वहीकडे, परत शिल्पाकडे. खांद्याची ती तिरकी रेघ मला अकरा वर्षांत दिसली नव्हती असं नाही, दिसली होती, पण ती कुठून सुरू होते हे मी कधी विचारलंच नव्हतं. उगाच काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "आणि चेहरा?" तर म्हणाला, "चेहरा ठीक आहे सर, चिडलाय."

चाळीस मिनिटांचे सत्तर मिनिटं झाले. मोबाईल परत मागायला कोण आलं नाही असं म्हणायला मला आवडलं असतं, पण बरोब्बर चाळिसाव्या मिनिटाला नऊ जण आले. बाकीचे बसले होते.

परत येताना लाँचमध्ये मार्कांचा फॉर्म भरायला घेतला. कॉलेजच्या फॉर्मवर चार रकाने, विषयाची मांडणी, भाषा, शब्दमर्यादा ३००, संदर्भ. कबड्डीवाल्याच्या पानावर एकूण शब्द दोन. शब्दमर्यादेला शून्य, संदर्भाला शून्य, भाषेला काय देणार. शेवटी मी मांडणीच्या रकान्यात १० पैकी १० टाकले, एकूणात पोरगा पासही होत नव्हता. आधीच्या शून्याचं काय करायचं हाही प्रश्न होताच. एचओडींना, म्हणजे विभागप्रमुखांना, दुसऱ्या दिवशी वही दाखवली तर त्या म्हणाल्या, "सर, रुब्रिकमध्ये, त्या मार्कांच्या रकान्यांत, बसवा काहीतरी, ऑडिटला फाइल जाते." मग त्या पोराला बसवून तेच सगळं तोंडी परत सांगायला लावलं, मी टाइप केलं, त्याची सही घेतली. २१४ शब्द झाले. चालवून घेतलं.

पुढच्या रविवारी दुपारी ग्रुपवर त्यानं काढलेला फोटो आला. राणीच्या बागेतला तो दगडी हत्ती, पण अख्खा नाही, फक्त खालचा भाग, जमिनीवर झोपून काढलेला. खाली लिहिलं होतं, "सर याचे पाय आहेत. पण हा कुठंच चालला नाहीये."