दडवलेले चौदा नग

गुरुवार, साप्ताहिक सुट्टी

भोसरीतील बहुतेक कारखान्यांप्रमाणे आमचीही सुट्टी गुरुवारी असते, आणि सगळे शहर कामाला लागलेले असताना आपण गॅलरीत चहा घेऊन बसायचे, ही गोष्ट अकरा वर्षांनंतरही मला शाळा बुडवल्यासारखी वाटते. आज वही घेऊन बसण्याचे कारण असे की मशीन शॉपचा प्रमुख होऊन मला चार महिने पूर्ण झाले. तीन पाळ्या, ३४ माणसे, नऊ सीएनसी लेथ (नग फिरवून धातू कापणारी संगणकचालित यंत्रे) आणि चार व्हीएमसी (हत्यार फिरवून कापणारी तशीच यंत्रे) असा हा संसार आहे. या चार महिन्यांत मशीनबद्दल मी नवीन फारसे काही शिकलो नाही, पण माझ्या स्वतःच्या आवाजाबद्दल मात्र बरेच शिकलो.

बढतीचे पत्र शनिवारी मिळाले. त्या दिवसापर्यंत पोरे मला ‘दादा’ म्हणत होती आणि सोमवारी सकाळी त्याच तोंडांतून ‘साहेब’ आले. ते मी हसण्यावारी नेले असते, परंतु बार्शीकडचे आमचे सेटर काका (सेटर म्हणजे मशीन कामासाठी जुळवून देणारा), ज्यांनी मला इन्सर्ट (मशीनचे कापणारे पाते) झिजल्याचे नुसत्या आवाजावरून ओळखायला शिकवले, ते मी जवळ जाताच स्टुलावरून उठून उभे राहिले तेव्हा मला अगदी ओशाळल्यासारखे झाले. मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, “काका, तुम्ही उठत जाऊ नका.” ते म्हणाले, “मी खुर्चीसाठी उठतो, तुझ्यासाठी नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस.” त्या वाक्याचा अर्थ त्या दिवशी मला अर्धाच कळला होता. लोक जे काही आता मला सांगतील किंवा सांगणार नाहीत ते या खुर्चीकडे पाहून ठरेल, आणि खुर्चीवर बसलेला माणूस कालपर्यंत आपल्यातलाच होता ही गोष्ट त्यात फारशी मोजली जाणार नाही, हा उरलेला अर्धा अर्थ कळायला दोन महिने जावे लागले.

पहिल्या महिन्यातली चूक सोपी होती आणि ती बहुधा प्रत्येक नवा साहेब करतो. कुठे माप बसेना, कुठे फिनिश खराब आला, की मी बाह्या सरसावून थेट पॅनेलसमोर उभा राहत असे. मला ते काम येत होते, ते करताना बरे वाटत होते, आणि खरे सांगायचे तर प्रमुख म्हणून नेमके काय करायचे असते ते ठाऊक नसल्यामुळे जे ठाऊक आहे त्याच्या आड लपण्याची ती सोय होती. एकदा एकाच पाळीत मला अकरा वेळा हाक आली आणि त्यातली बहुतेक कामे दोन्ही सेटरांपैकी कोणालाही सहज करता आली असती. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये काकांनी ताटावरून मान न उचलता सांगितले, “तू हात घातलास की पोरं हात काढून घेतात.” तेव्हापासून मशीनसमोर गेल्यावर मी हात पाठीमागे बांधून उभा राहतो. दिसायला ते थोडे हेडमास्तरी दिसते, याला इलाज नाही. मी एवढेच विचारतो, की काल हे माप बसत होते आणि आज बसत नाही, तर मधल्या वेळात काय बदलले? इन्सर्ट बदलला का, फोर्जिंगचा (ठोकून घडवलेल्या कच्च्या नगांचा) लॉट बदलला का, जॉ (नग पकडणारे जबडे) बदलले का? उत्तर ऑपरेटरकडेच असते. ते बाहेर यायला कधी पाच मिनिटे लागतात, कधी वीस, आणि त्या वीस मिनिटांत गप्प राहणे हे मला अजूनही दिवसातले सर्वांत जड काम वाटते.

दुसरी चूक मात्र सोपी नव्हती आणि तिच्याविषयी सविस्तर लिहायला हवे.

दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस स्टोअरचा हिशोब लागेना. एका भागाची ६०० फोर्जिंग दिली होती. पुढच्या विभागाला गेलेले, रिवर्कला (पुन्हा दुरुस्तीला) ठेवलेले आणि रिजेक्शनच्या (बाद नगांच्या) लाल पेटीतले असे सगळे नग मिळून ५८६ भरत होते. चौदा नग गेले कुठे, हे कोणी सांगेना. दोन दिवसांनी स्क्रॅप यार्डातल्या हेल्परला चिप्सच्या (कापताना निघणाऱ्या लोखंडी किसाच्या) ट्रॉलीच्या तळाशी ते चौदाच्या चौदा सापडले आणि त्याने ते फडक्यात बांधून माझ्या टेबलावर आणून ठेवले. गेज लावून पाहिले. प्रत्येकाचा बोअर (मधले भोक) मोठा झालेला होता आणि गेजची ‘नो-गो’ बाजू, जी आत जाता कामा नये, ती सरळ आत जात होती. बोअर लहान राहिला असता तर पुन्हा कापून नग वाचवता आला असता, पण कापून गेलेले लोखंड परत लावता येत नाही, म्हणजे चौदाही नग कायमचे गेले होते. कारण शोधायला वेळ लागला नाही. इन्सर्ट झिजू लागला की बोअर थोडा लहान येऊ लागतो, म्हणून ऑपरेटर ऑफसेटमध्ये (मशीनला दिलेल्या मापदुरुस्तीच्या आकड्यात) ०.०२ मिलिमीटरची भर घालतो. तिसऱ्या पाळीत, पहाटे तीन-साडेतीनच्या सुमाराला, ज्या वेळी माणसाचे डोळे उघडे असतात पण तो जागा असतोच असे नाही, एका पोराच्या हातून ०.०२ ऐवजी ०.२ पडले होते. नेमाप्रमाणे दर तासाला तपासणी असल्यामुळे चूक लक्षात येईपर्यंत चौदा नग निघून गेले होते.

चूक म्हणून पाहिले तर ती क्षुल्लक होती. नवीन असताना मी स्वतः याहून मोठी केली आहे. प्रश्न तिचा नव्हताच, ती लपवली का गेली हा होता. मी त्या मुलाला केबिनमध्ये बोलावले तर तो खाली मान घालून उभा राहिला आणि एक शब्द बोलेना. केबिन ही जागाच वाईट आहे, तिथे माणूस आपोआप आरोपी होतो. दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर मी त्याच्याबरोबर गेटपर्यंत चालत गेलो. सायकल स्टँडपाशी आल्यावर तो म्हणाला, “साहेब, तुम्ही त्या दिवशी त्याला बोललात ना, तेव्हा मी शेजारच्याच मशीनवर होतो.”

तो कोणाबद्दल बोलत होता ते मला लगेच कळले. पंधरवड्यापूर्वी दुसऱ्या एका ऑपरेटरने तीन नग खराब झाल्याचे स्वतःहून येऊन सांगितले होते. त्या सकाळी वरून माझी खरडपट्टी निघालेली होती आणि ती मी जशीच्या तशी, भर लाईनवर, त्याच्या अंगावर टाकली होती. माझ्या दृष्टीने ते दोन मिनिटांत संपले होते आणि संध्याकाळपर्यंत मी ते विसरलोही होतो. तीन नगांसाठी असे बोलणे बसत असेल तर चौदा नगांसाठी काय बसेल, हा हिशोब शेजारच्या मशीनवरच्या पोराने मनातल्या मनात मांडला आणि नग चिप्सखाली गाडले. त्याने ते चांगल्या नगांत मिसळून पुढे ढकलले नाहीत, हे मी त्याच्या बाजूने मोजतो. तसे झाले असते तर ते ग्राहकाच्या जुळणीपर्यंत गेले असते आणि मग प्रकरण चौदा नगांवर थांबले नसते.

यावर काय करावे, याबद्दल माझे आणि काकांचे एकमत झाले नाही. काकांचे म्हणणे होते की लपवल्याबद्दल लेखी समज द्यावी, नाहीतर उद्या प्रत्येक जण ट्रॉलीचा आसरा घेईल. मला वाटत होते की ज्या भीतीमुळे त्याने लपवले ती मी पेरलेली आहे आणि तिची शिक्षा त्याला एकट्याला देणे बरे नाही. शेवटी समज दिली, पण कागदावर ‘चुकीची नोंद केल्याबद्दल’ असे न लिहिता ‘नग न दाखवल्याबद्दल’ असे लिहिले. दुसऱ्या सकाळी पाळी सुरू होताना, ज्या लाईनवर मी ओरडलो होतो तिथेच उभे राहून, त्या तीन नगवाल्या ऑपरेटरची मी सर्वांसमोर माफी मागितली. तो इतका संकोचला की “जाऊ द्या साहेब, जाऊ द्या” म्हणत मशीनच्या मागे गेला. ओरडणे चारचौघांत आणि माफी मात्र एकांतात, हे मला पटले नसते.

कंपनीने आम्हा नव्या प्रमुखांना दोन दिवसांचे प्रशिक्षण दिले होते. त्यात सवयींच्या याद्या पुष्कळ होत्या आणि त्यातले बहुतेक मी विसरलो आहे, पण हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांची एक गोष्ट तेव्हा ऐकली होती ती या प्रकरणात आठवली. १९९० च्या दशकात त्यांनी रुग्णालयांतील पथकांचा आणि औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या पथकांत चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती, पण आकडे उलटेच निघाले. चांगल्या पथकांत चुकांची नोंद जास्त होती. पुढे त्यांच्या ध्यानात आले की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, तर त्या मोकळेपणाने बोलल्या जात होत्या. प्रशिक्षणात हे ऐकताना मी मान डोलावली होती. ते खरोखर कळले ते फडक्यातले चौदा नग मोजताना.

मंगळवार, रात्री १२.४०

आत्ताच तिसऱ्या पाळीत जाऊन आलो. आठवड्यातून एकदा रात्री अकराच्या सुमाराला तासभर जायचे, असे गेल्या महिन्यापासून ठरवले आहे, आणि वार मुद्दाम बदलता ठेवला आहे. पहिल्या दोन वेळी सगळे सावध झाले, कारण साहेब झडती घ्यायला आले असा समज झाला. आज एकाने आपणहून सांगितले की सात नंबरच्या लेथजवळचा दिवा तीन आठवडे बंद आहे आणि तिथे गेजवरचा आकडा नीट दिसत नाही. तीन आठवडे! मी दिवसा त्याच मशीनवरून रोज दहा वेळा जातो, पण दिवसा तिथे खिडकीचा उजेड असतो.

खिशातल्या छोट्या वहीत ते लिहून घेतले. कोणी काय मागितले, मी काय कबूल केले आणि कोणत्या दिवशी उत्तर दिले, एवढेच मी तिच्यात लिहितो. नकार द्यायचा असला तरी तो ठरल्या दिवशी देतो. यात शहाणपण काही नाही, माझी स्मरणशक्ती कच्ची आहे एवढेच. पण लोकांना नकाराचे जेवढे वाटत नाही तेवढे “बघतो” या शब्दाचे वाटते, हे आता मला दिसते.

रजांचेही तसेच. आमच्याकडे आषाढीला वारकरी घरचे लोक, गणपतीला कोकणातले आणि छटपूजेला बिहारकडचे, असे वर्षभर कोणी ना कोणी गावी निघालेले असते. पूर्वी जो आधी साहेबांच्या कानाला लागेल त्याची रजा मंजूर होत असे. आता तिन्ही सणांचा तक्ता फळ्यावर लावला आहे. कोणत्या आठवड्यात किती माणसे सोडता येतील तो आकडा वर लिहिला आहे आणि खाली त्यांची त्यांनीच नावे भरली आहेत. गणपतीसाठी पाच जागा आणि सात नावे झाली, तेव्हा मी मध्ये पडलो नाही. दोघांनी आपापसांत बोलून पुढच्या वर्षीची बोली केली. मी निकाल दिला असता तर वर्षभर मनात सल राहिला असता.

पाळी सुरू होतानाची दहा मिनिटेही टिकली आहेत, पण त्यांचे स्वरूप बदलावे लागले. सुरुवातीला मीच बोलत असे आणि सगळे घड्याळाकडे पाहत. आता मागच्या पाळीचा माणूस पुढच्या पाळीला काय बिघडले आणि काय अर्धे राहिले ते सांगतो, आणि मी सर्वांत शेवटी बोलतो. बरेचदा बोलण्यासारखे काही उरलेलेच नसते.

शुक्रवार

काल सुट्टीच्या दिवशी महिन्याचे आकडे मांडले. नोंद झालेले रिजेक्शन मागच्या महिन्यापेक्षा वाढले आहे, ४१ वरून ६७ नगांवर. स्टोअरच्या हिशोबात मात्र एकही नग हरवलेला नाही आणि ग्राहकाकडून परत एकही आलेला नाही. ६७ पैकी १९ नग रात्रपाळीतल्या पोरांनी पहाटेच लाल पेटीत टाकून हँडओव्हरच्या वहीत कारणासह लिहिलेले आहेत. त्यातली सहा नगांची एक नोंद चिप्सच्या ट्रॉलीवाल्या मुलाच्या अक्षरात आहे आणि खाली त्याने वेळही लिहिली आहे, ३.२०.

उद्या मासिक बैठक आहे आणि तिथे पडद्यावर ४१ आणि ६७ हेच दोन आकडे दिसतील. वरचे साहेब विचारणार, आणि कदाचित चढ्या आवाजात विचारणार, याची मला कल्पना आहे. हँडओव्हरची वही आणि स्टोअरचा ताळा दोन्ही बरोबर घेऊन जाणार आहे. नोंदींसमोरची ऑपरेटरांची नावे मात्र त्या बैठकीत वाचायची नाहीत, हे आज काकांशी बोलून ठरवले आहे.